सोवळ्यातली पुस्तकं आणि चुलीवरची वही

माझ्या काचेच्या कपाटात एकशे बारा पुस्तकं होती आणि त्यातली मी चौदा वाचली होती. चौदा हा आकडासुद्धा ओढूनताणून आणलेला आहे; त्यातली दोन मी मधेच सोडून शेवटचं पान बघून घेतलं होतं. पण कपाट सोप्यात, म्हणजे बाहेरच्या खोलीत, रस्त्याकडच्या दारातून नीट दिसेल असं ठेवलेलं. आत विद्वान राहतो हे येणाऱ्याजाणाऱ्याला कळावं, एवढाच हेतू. आमच्या गल्लीतून येणाऱ्याजाणाऱ्यांत म्हशी जास्त. त्यांना ते कळलं असावं, कारण त्या आमच्या दारात हटकून थांबायच्या आणि आपलं मत तिथंच टाकून जायच्या.

महाराजांच्या राज्यातले ते दिवस. शेतकऱ्याच्या पोरानं शिकावं आणि दरबारच्या कचेरीत चिकटावं, ही वाट नुकती मोकळी झालेली. त्या वाटेनं कागलकडच्या आमच्या वस्तीवरून कोल्हापुरात आलेला घराण्यातला पहिला माणूस मी. दिवसभर दुसऱ्यांच्या अर्जांच्या नकला खरडायचो आणि संध्याकाळी घरी येताना चाल मात्र अशी, की तो अर्ज मलाच सुचला होता. पगार झाला की एखादं पुस्तक घ्यायचं, त्यावर वळणदार अक्षरात स्वतःचं नाव घालायचं, ते कपाटात उभं करायचं आणि दार लावायचं. एवढं केलं की ज्ञान घरात आलं, अशी माझी समजूत.

घर भाड्याचं, रंकाळ्यापासून हाकेच्या अंतरावर. पावसाळ्यात मिठाच्या बरणीत पाणी व्हायचं, आगकाडी घासली की नुसती चिकट रेघ उठायची, आणि रस्त्याकडची भिंत खालपासून छातीपर्यंत ओली व्हायची. कपाट त्याच भिंतीला टेकलेलं. दुसरीकडं कुठंही ठेवलं असतं तर रस्त्यावरून दिसलं नसतं.

माझी बायको आजऱ्याकडची. तिचे वडील एका लहान गावी शाळामास्तर. आई लवकर गेली, भाऊ नाही. मास्तरांनीच तिला वाढवली आणि चुलीपुढं बसवून लिहायवाचायला शिकवली. लग्न ठरलं तेव्हा त्यांनी तिच्यासाठी एक वही स्वतःच्या हातानं लिहिली, मोठ्या बाळबोध अक्षरात, कारण मोडी शिकवायची राहून गेली होती. पाढे, पत्राचे मायने, पोराला खोकला झाला तर काय द्यावं, चारदोन गोष्टी. आणि शेवटच्या पानावर तिला उद्देशून काही ओळी, तिच्या माहेरच्या नावानं. लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीनं मी तिचं नाव बदललं. अक्षर झकास आलं होतं, ते मला अजून आठवतं. जुनं नाव काय होतं, हे लक्षात ठेवायचं मला कारण दिसलं नाही.

दुसऱ्याच वर्षी मास्तर गेले आणि माहेर संपलं. नागपंचमीला गल्लीतल्या बायका माहेरी जायच्या तेव्हा ही कामं आवरून चुलीवरच्या फळीवरून ती वही काढायची आणि पहिल्या पानापासून शेवटच्यापर्यंत वाचायची. "वर्षातनं एकदा मला कुणीतरी माझ्या नावानं हाक मारतंय," असं ती एकदा म्हणाली होती. मी तेव्हा वर्तमानपत्र वाचत होतो, बहुतेक परदेशातल्या एखाद्या लढाईचं.

ती वही मी कधी उघडून पाहिली नाही. धुरानं काळवंडलेली, कडा तेलकट, अंगाला फोडणीचा वास. माझ्यासारख्या माणसानं हातात धरावी अशी ती वस्तू नव्हती.

तर एकदा उन्हाळ्यात आमच्या कचेरीतले शिरस्तेदार घरी आले. ते आम्हा सगळ्या कारकुनांचे वरिष्ठ, आणि सोवळ्याओवळ्यात तर साऱ्या कचेरीचे वरिष्ठ. मी त्यांना कपाटाशी नेलं. त्यांनी एक पुस्तक काढलं, उघडलं नाही, पाठीला नाक लावलं.

"सरस," ते म्हणाले.

"काय म्हणालात?"

"बांधणीला सरस वापरलाय. जनावरांची कातडी न् हाडं उकळून करतात तो." पुस्तक दोन बोटांत धरून त्यांनी परत ठेवलं आणि अंगणात जाऊन हात धुतले. जाताना म्हणाले, "तुम्हा लोकांना चालायचंच म्हणा."

हे वाक्य माझ्या अंगात काट्यासारखं घुसलं. शहाण्या माणसानं त्यांना दारापर्यंत सोडून वर नमस्कार केला असता आणि ते वाक्य सोडून दिलं असतं. मी ठरवलं, की माझी पुस्तकं शिरस्तेदारांच्या पुस्तकांपेक्षा सोवळी करून दाखवायची. दर रविवारी आमच्या घरात मटणाचा तांबडा रस्सा शिजायचा आणि मी तो तीन वाट्या प्यायचो, हे त्या निश्चयाच्या आड कुठंही आलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी पुस्तकं बांधणाऱ्या चाचांकडं गेलो. त्यांचं दुकान आमच्याच बोळाच्या तोंडाशी. मुसलमान घर, दोन पिढ्या दप्तरं आणि चोपड्या बांधणारं. दुकान कसलं, एक ओटा, एक दाभण, एक दाबायचा लाकडी शिकंजा आणि चाचांची जीभ.

"सगळी पुस्तकं उसवा," मी म्हणालो. "सरस काढून टाका आणि तांदळाच्या खळीनं नव्यानं बांधा."

"सगळी?"

"सगळी."

"वाचून झाली वाटतं."

मी तिकडं दुर्लक्ष केलं.

"खळीनं बांधतो की," चाचा म्हणाले, "पर खळीत मोरचूद घालावा लागतोय. न्हायतर बुरशी धरतीया."

"मोरचूद विष आहे. पुस्तक म्हणजे सरस्वती. तिला विष चालायचं नाही."

"मग काय घालू, तूप?"

"गूळ घाला. चिकटपणा येईल. आमच्या घरच्या गुऱ्हाळातला आहे, मी आणून देतो."

हे सांगताना माझा आवाज चढला होता, हे कबूल करतो. आमच्या भागातल्या माणसाला कसलीही अडचण सांगा, तो अर्ध्या मिनिटात गुळापर्यंत येतो.

चाचांनी दाभण खाली ठेवलं. "रावसाब, रविवारी तुमच्याकडचा रस्सा हितंवर वास मारतोय. पोटाला जनावर चालतंय, आन् पुस्तकाच्या पाठीला चालत न्हाय व्हय?"

"पोट वेगळं, विद्या वेगळी."

"तांदूळ आन् गूळ. ही बांधणी न्हवं, परसाद हाय. खाणारं येतील."

"कोण येतील?"

"पाऊस पडू द्या की." मग जरा मऊ होऊन म्हणाले, "बरं, निदान दिवाळीनंतर बांधू. आता मिरग तोंडावर आलाय, खळ सुकायची न्हाय."

पण मला पावसाच्या आतच शिरस्तेदारांना बोलवायचं होतं. चाचांनी खांदे उडवले आणि कामाला लागले.

पुस्तकं नव्या पाठींची होऊन आली, तेव्हा एक अडचण निघाली. पुठ्ठे पातळ झाल्यानं खालच्या ओळीत, भिंतीच्या बाजूला, एका पुस्तकाएवढी फट राहिली. दारात उभं राहिलं की तीच डोळ्यांत भरायची. नवं पुस्तक घ्यायचं तर पगाराला अवकाश. तेव्हा मला चुलीवरच्या वहीची आठवण झाली. बायकोच्या वडिलांची आठवण जतन करण्याची कल्पना मला अशी सुचली.

"वही दे," मी म्हणालो. "नीट बांधून कपाटात ठेवतो."

"ती तितंच बरी हाय."

"धुरानं काळी पडलीय."

"काळी पडलीया, पर हाय न्हवं?" ती म्हणाली. "तुमचं कपाट वल्या भिंतीला हाय. माझ्या फळीवर तिला इतक्या वर्सांत काय झालं न्हाय."

"तुला पुस्तकांतलं काय कळतं?"

मास्तरांच्या मुलीला मी हे विचारलं. चौदा पुस्तकं वाचलेल्या माणसानं विचारलं. तिनं फळीवरून वही काढली, पदरानं पुसली आणि माझ्या हातात दिली. "पंचमीला मला पायजे," एवढंच म्हणाली.

"कपाट कुठं पळून जातंय?"

चाचांनी ती वही उलटसुलट करून पाहिली. "ही कुणाची? हिला हात लावू नका, रावसाब. कोरडी ठाक हाय. धाग्यानं शिवलीया, पिठाचं बोट लागलेलं न्हाय." मी म्हटलं, बाकीच्यांसारखी करा. त्यांनी केली. शेवटचं पान, इतरांसारखंच, गुळाच्या खळीनं पुठ्ठ्यावर चिकटवलेल्या अस्तराच्या कागदाला टेकलं आणि फट भरली.

मिरग लागला आणि तो थांबलाच नाही. शिरस्तेदारांचं येणं लांबणीवर पडलं. पुस्तकांना ओल लागू नये म्हणून मी काय काय उपाय केले ते सांगतो, म्हणजे पुढच्यानं ते करू नयेत. पहिल्यांदा कडुलिंबाचा पाला आणून कपाटात पसरला. ताजा, झाडावरून नुकता काढलेला, पावसात भिजलेला. मग वेखंडाच्या पुरचुंड्या. मग कापूर. आणि शेवटी माझी अक्कल पूर्ण कामाला लागली, तेव्हा कपाटाच्या साऱ्या फटी मेणकापडाच्या चिंध्यांनी बुजवून टाकल्या. बाहेरची ओल आत जाता कामा नये. आत आधीच ओल्या खळीची एकशे तेरा बाडं आणि एक ओला लिंब कोंडलेला आहे, हे माझ्या हिशेबात नव्हतं. काचेवर आतून दव धरायला लागलं. ते मी रोज बाहेरून पुसायचो आणि काच हलकी निघाली म्हणून काचवाल्याला शिव्या द्यायचो.

"एकदा उघडून वारं तरी द्या," बायको म्हणाली.

"उघडलं की ओल शिरेल."

"बरं," ती म्हणाली. तिच्या या 'बरं'ला एक वजन असायचं. दगडी पाट्याएवढं.

नागपंचमी आली. तिनं नागोबाची पूजा केली, चुलीवर मोठ्या भांड्यात पुरणाची दिंडं उकडायला ठेवली आणि हात पुसत सोप्यात आली. मी मेणकापड उपसलं आणि दार ओढलं. फुगलेलं दार आधी निघेना, मग एकदम निघालं, आणि आतून जो वास आला तो मी ओळखला. तांदूळ आणि गूळ बंद जागी ओले ठेवले की काय होतं, हे आमच्या वस्तीवर बऱ्याच जणांना ठाऊक होतं. मामलेदारानं दोघांना त्यासाठी पकडूनही नेलं होतं. शिरस्तेदारांपेक्षा सोवळं असं माझं ग्रंथभांडार दारूच्या गुत्त्यासारखं घमघमत होतं.

पुस्तकांवर सगळीकडं बुरशी. कुठं कापसासारखी पांढरी, कुठं हिरवी, पाठींवर काळे ठिपके. एक ओढलं तर सात एकदम आली, एकमेकांना घट्ट चिकटून. इतकी एकी आमच्या भावकीत मी कधी पाहिली नाही. वही सगळ्यात कोपऱ्यात, ओल्या भिंतीलगत. बायकोनं ती स्वतः काढली आणि उंबऱ्यापाशी उजेडात बसली. पाढे डागाळले होते, पण वाचता येत होते. गोष्टी होत्या. ती पानं उलटत शेवटाकडं गेली आणि थांबली. नखानं कड उचलून पाहिली. पुन्हा पाहिली.

"शेवटचं पान निघत न्हाय," ती म्हणाली.

ओरडली असती तर मला बरं झालं असतं, उत्तर देता आलं असतं. मी चाकू आणायला उठलो.

"आज चिरायचं नसतंय," ती वर न बघता म्हणाली. पंचमीला बायका भाजीसुद्धा चिरत नाहीत, आणि मी तिच्या बापाच्या अक्षराला चाकू लावायला निघालो होतो.

अशा वेळी माणूस जे करतो तेच मी केलं: दोष द्यायला दुसरा कुणीतरी शोधायला पावसात बाहेर पडलो. चाचा ओट्यावर विडी ओढत बसले होते. मी तीनचार वाक्यं तावातावानं बोललो. काम कच्चं केलं, खळ पातळ होती, वगैरे. त्यांनी विडी संपेपर्यंत ऐकून घेतलं.

"झालं?" ते म्हणाले. "आता सांगा, ती धुरकट वही कशी हाय?"

"शेवटचं पान चिकटलंय."

"त्या पानावर काय हाय?"

मी म्हटलं, तिच्या वडिलांच्या चार ओळी आहेत. काय आहेत, त्यांनी विचारलं. मला ठाऊक नव्हतं. चाचांनी माझ्याकडं ज्या नजरेनं पाहिलं तीत राग नव्हता. कसर लागलेल्या कागदाकडं ते तसंच बघायचे: दुरुस्त करायचा की फेकायचा, एवढंच ठरवत. मग डोक्यावर घोंगडं घेतलं आणि माझ्या पुढं चालायला लागले.

सोप्यात येऊन त्यांनी वही उजेडात धरली. "वैनी, बारीक सुरी लावाय पायजे."

"आज नगं, चाचा."

"उद्यापत्तूर आणखी धरंल." त्यांनी हवा हुंगली. "चुलीवर काय शिजतंय?"

"दिंडं हायत."

"मग वाफ हाय की. आणा भांडं हितं."

तिनं दिंडांचं भांडं सोप्यात आणून शेगडीवर ठेवलं. चाचांनी झाकण सरकवलं आणि वहीचा मागचा पुठ्ठा वाफेवर धरला, पापड भाजताना फिरवतात तसा फिरवत. सोप्यात पुरणाचा वास, गुळाचा वास आणि माझ्या कपाटाचा वास. हे दृश्य शिरस्तेदारांनी पाहिलं असतं, तर त्यांना रंकाळ्यात उतरूनच स्नान करावं लागलं असतं.

थोड्या वेळानं कड सुटली. चाचांनी बोटाच्या पेरानं पान उचलायला सुरुवात केली, आणि ते पान राहिलंच नाही. त्याचा लगदा झाला. बोटाला चिकटून तुकड्या-तुकड्यांनी निघालं.

"पान गेलं, वैनी," ते म्हणाले.

ती भिंतीला टेकून बसली. मी खांबाला धरून उभा होतो, खांबाइतकाच उपयोगाचा.

चाचा मात्र पुठ्ठा हातात तिरका करून बघत राहिले. अस्तराच्या कागदावर काळ्या खुणा होत्या. त्यांनी त्यावर हलकेच फुंकर घातली. "गेलं न्हाय वं. सरकलंय," ते म्हणाले. "मास्तरांनी घरच्या काजळाची शाई केली असणार. वलीनं सुटून हिकडं बसलीया. पर उलटी हाय."

ती उठली, आत गेली आणि कुंकवाची फणेरपेटी घेऊन आली. झाकण उघडलं. आतला आरसा तिनं पुठ्ठ्यासमोर धरला, हात थोडा मागं घेतला, पुन्हा पुढं आणला. मग तिचे ओठ हलायला लागले.

मी तिच्या खांद्यावरून पाहिलं. मास्तरांचं अक्षर आरशात सरळ उभं होतं, जरा फुटलेलं, पण वाचता येण्यासारखं. वर तिचं नाव होतं. ते मी इथं लिहीत नाही. खाली चार ओळी. दोन आशीर्वादाच्या, जशा सगळे बाप लिहितात. आणि पुढच्या दोन अशा:

'ही वही चुलीवरच्या फळीवर ठेव. तिथं ओल येत नाही, आणि घरातले पुरुषही येत नाहीत.'

चाचांनी मान वळवून रस्त्यावरच्या म्हशीकडं लक्ष दिलं.

"वाचलं का तुमी?" बायकोनं विचारलं.

"वाचलं."

"मग पंधरा झाली."

म्हणजे तिनं मोजली होती. कपाट घेतल्या दिवसापासून, कुठलं पुस्तक बाहेर आलं, किती दिवसांनी आत गेलं, हे सगळं तिनं स्वयंपाकघरातून मोजलं होतं.

चाचा म्हणाले, "वैनी, दिंड एखादं मिळंल का? वाफ बरीच खाल्ली माझ्या हातानं." तिनं तीन दिली, वर तूप. मला दिलं ते तुपाशिवाय.

दुसऱ्या दिवशी तिनं वहीला धुरी दिली. शेगडीत निखारे, त्यावर ओवा आणि वेखंड, वर टोपली पालथी घातलेली, टोपलीवर वही. बाळंतिणीच्या खोलीत पोराला देतात तशीच. मी माझीही काही पुस्तकं रांगेत आणून ठेवली.

"ही कितवी?" तिनं विचारलं.

"कितवी म्हणजे?"

"तुमी वाचलेली तेवढी आणा. न वाचलेल्यांची बाळंतपणं मी काढणार न्हाय."

चौदा आणली. ती धुरावरून वाचली, म्हणजे जगली, आणि चुलीवरच्या फळीवर वहीच्या शेजारी गेली. बाकीची चाचा घेऊन गेले आणि त्यांचा लगदा करून पुठ्ठे केले. त्यातले काही आमच्याच कचेरीत दप्तरांना लागले. माझी विद्या दरबारच्या कामाला आली ती एवढीच. काचेच्या कपाटात लोणच्याच्या बरण्या गेल्या. त्या रस्त्यावरून फार चांगल्या दिसायच्या.

पुढं दिवाळीनंतर शिरस्तेदार खरंच आले. कपाटात बरण्या बघून त्यांनी विचारलं, "पुस्तकं?"

"स्वयंपाकघरात," मी म्हणालो. आतून एक आणून दिलं. त्यांनी पाठीला नाक लावलं.

"धुराचा वास येतोय. आणि आणखी कसलातरी."

"रश्श्याचा असेल. आज रविवार."

त्यांनी हात धुवायला अंगणाकडं पाहिलं. मी स्वतः तांब्या घेऊन गेलो आणि त्यांच्या हातावर भरपूर पाणी ओतलं. त्या नोकरीतला हा माझा सगळ्यात सुखाचा दिवस.

एका संध्याकाळी धीर करून मी बायकोला त्या जुन्या नावानं हाक मारून पाहिली. तिनं भाकरी थापायची थांबवली नाही. "त्या नावानं न्हाय," ती म्हणाली. "तुमी ठेवलेलं हाय की एक. तेवढं वापरा."

वही तिनं पुन्हा कुणाला बांधू दिली नाही. चाचांनी नुसत्या दोऱ्यानं शिवून दिली, पूर्वी होती तशी. पुठ्ठा वेगळा फडक्यात गुंडाळून शेजारी असतो. दर पंचमीला ती दोन्ही खाली काढते, चुलीपुढं बसते आणि पहिल्यापासून वाचत येते. शेवटाशी आली की मला हाक मारते, कारण एका हातात पुठ्ठा आणि एका हातात आरसा धरला की पदर सावरायला हात उरत नाही. चुलीपुढं जायची मला परवानगी आहे ती एवढ्यापुरती. मी आरसा धरतो. पंधरा पुस्तकं वाचलेला माणूस, गुडघ्यावर बसून, धुरानं डोळे चुरचुरत असताना.

"जरा वर धरा," ती म्हणते. "नाव दिसत न्हाय."